लग्नाला निघालेल्या तिघी

"कोनी विचारलं तं काय सांगायचं?" रंजूताईने पुन्हा विचारलं.

"मावशीच्या पोरीच्या लग्नाले चाललो," पुस्तकला म्हणाली.

"कोठी?"

"वारंगलले."

"आन वय?"

"अठरा." एवढं बोलून पुस्तकलाला हसू आलं. तिला पंधरावं लागून चार महिने झाले होते. ममिताही तेवढीच. मी दोघींपेक्षा वर्षभराने मोठी, नुकतीच दहावीची परीक्षा दिलेली.

"हासू नको," रंजूताई म्हणाली. "हासली का समजते."

बल्लारशाह स्टेशनच्या फलाटावर सिमेंटच्या बाकावर आम्ही तिघी दाटीवाटीने बसलो होतो. मार्चअखेरचं दुपारचं ऊन. समोरच्या रुळावर कोळशाची मालगाडी उभी होती, आणि वारा आला की काळी धूळ ओठांवर येऊन बसत होती. मी आयुष्यात पहिल्यांदाच एवढं मोठं स्टेशन बघत होते. सकाळी अर्जुनीहून पॅसेंजरमध्ये बसलो तेव्हा खिडकीसाठी भांडलो होतो.

आमचं गाव डोंगरटोली. अर्जुनीपासून आत, जंगलाच्या कडेला वसलेली पंचवीस-तीस घरं. रंजूताई आमच्याच गावची. तिची आई लवकर गेली, बाप वीटभट्ट्यांवर फिरतीवर असायचा. धाकट्या बेबीला तिनेच वाढवलं होतं. मोहफुलं वेचायला जाताना ती बेबीला पाठीवर आणि मला हाताला धरून न्यायची. अस्वलाची चाहूल कशी घ्यायची ते मला तिनेच शिकवलं. दीड वर्षापूर्वी दोघी बहिणी कपड्याच्या कंपनीत कामाला म्हणून गेल्या, आणि या होळीला रंजूताई एकटीच परत आली. अंगावर नवा ड्रेस, पायात उंच टाचेच्या चपला.

"बेबी नाई आली?" माझ्या आईने विचारलं होतं.

"तिची शाळा हाय ना काकू. तिकडं इंग्लिश शाळेत जाते थे."

कंपनी बंगलोरला आहे, शिलाई मशीनवर बसून काम, राहणं-खाणं तिथंच, आम्हा तिघींनाही लावून देते, असं तिने सांगितलं. आईने दोन दिवस विचार केला. मग म्हणाली, "दुसरं कोनी असतं तं पाठवली नसती. रंजू संगं हाय म्हणून." पुस्तकलाच्या आणि ममिताच्या आईनेही जवळजवळ हेच म्हटलं.

तेव्हा सगळं रंजूताईच्या भरवशावर होतं. म्हणूनच पॅसेंजरमध्ये नागभीड सोडल्यावर जे झालं, ते मला कळूनही कळेना.

पुस्तकलाच्या भावाने तिला वाटेत लागेल म्हणून आपला मोबाईल दिला होता. रंजूताईने तो मागितला, मागचं झाकण काढलं, सिमकार्ड बोटांत धरलं आणि खिडकीतून बाहेर सोडून दिलं.

"ताई!" पुस्तकला ओरडली.

"तिकडं हे कार्ड चालत नाई. नवं घेऊन देते."

ती अगदी सहज बोलली. पण बोलताना तिने पुस्तकलाकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही. माझी नजर तिच्या हातावर गेली. होळीपासून तिचे तळहात मेंदीने भरलेले असायचे. आता मेंदी फिकी झाली होती आणि खालची बोटं दिसत होती. टोकांची कातडी पांढरी पडून सोलवटली होती, नखांच्या कडा आत खाल्ल्यासारख्या झाल्या होत्या. आईकडे शिलाई मशीन होती. मशीनवर बसणाऱ्या बाईची बोटं मी रोज बघत आले होते. सुई टोचते, घट्टे पडतात. अशी बोटं होत नाहीत.

मला वाटलं, आपलंच काहीतरी चुकत असेल.

बल्लारशाहला उतरल्यावर एक माणूस आमच्याजवळ आला. चाळिशीचा, स्वच्छ दाढी केलेला, अंगाला पावडरचा वास. रंजूताई म्हणाली, "हे कंपनीचे मामा." मामांनी आम्हाला समोसे आणि थंडा आणून दिला. प्रत्येकीला 'बेटी' म्हणून हाक मारली. ममिताला तर ते फारच आवडले. गावात कोणी तिच्यासाठी असं उठून काही आणून दिलं नव्हतं.

"हाथ दिखाओ बेटी," ते ममिताला म्हणाले.

ममिताने हात पुढे केला. त्यांनी तिची बोटं एकेक करून दाबून बघितली. "पतली हैं. अच्छा है."

मग माझ्याकडे वळले. "घर में कौन कौन है?"

"आई."

"पिताजी?"

"नाही. वारले."

"भाई?"

"नाही."

त्यांनी मान डोलावली आणि हसले. त्या हसण्यात वाईट असं काही नव्हतं, दुकानदाराने मनासारखा माल मिळाल्यावर हसावं तसं होतं ते.

"मामा," मी विचारलं, "कंपनी कोणत्या गावाला आहे?"

"बहुत बढ़िया जगह है. समुंदर के बिल्कुल पास. रोज़ समुंदर देखोगी."

आठवड्यापूर्वीच मी भूगोलाचा पेपर दिला होता. बंगलोरजवळ समुद्र नाही. मी रंजूताईकडे बघितलं. ती आपल्या चपलेचा पट्टा सारखा करत होती. तो आधीच नीट होता.

माझ्या तोंडातला समोशाचा घास गिळवेना. तो थुंकायचाही धीर होईना. मी तो तसाच गालात धरून बसले.

थोड्या वेळाने मी म्हटलं, "ताई, मले बाहेर जायचं हाय."

मामांनी घड्याळ बघितलं. "साथ में जा," ते रंजूताईला म्हणाले. आवाज तोच, मऊ. पण 'बेटी' हा शब्द तिच्यासाठी नव्हता.

बायकांच्या प्रतीक्षालयाच्या मागे न्हाणीघर होतं. आत कोणी नव्हतं. नळ ठिबकत होता. मी घास थुंकला, तोंड धुतलं आणि वळून तिचा हात धरला.

"ताई, काय झालं हे बोटांले?"

"सोड."

"तू मशीनवर नाई बसत. कोठी हाय कंपनी? बेबी कोठी हाय?"

बेबीचं नाव ऐकल्यावर तिचा चेहरा बदलला. तिने आधी दार लावलं, मग माझं मनगट एवढं घट्ट पकडलं की हाड दुखलं.

"चूप बस. हळू बोल. थो मामा आईकन."

"बेबी कोठी हाय?"

"तिथंच हाय." तिचा आवाज अगदी बारीक झाला. "शेड हाय समुद्राजवळ. कोळंबी सोलाची. बर्फातली. पहाटपासून अंधार पडेपर्यंत उभं रायचं. बाहेरून कुलूप. पहिल्या महिन्यात मी पळाली होती, तं रस्त्यावरून पकडून आनलं आन बेबीले दोन दिवस उपाशी ठेवलं. माह्यासमोर. मंग मी नाई पळाली."

"मंग आता कसं सोडलं तुले?"

तिने ठिबकणारा नळ घट्ट पिळला.

"थो म्हणला, तुह्या गावातून तीन पोरी आन. तीन आनल्या का बेबीले घेऊन जाय."

मी भिंतीला टेकले. भिंत ओली होती.

"तिघी आमी?"

"टिकू," ती म्हणाली. टिकेश्वरी हे माझं पूर्ण नाव, पण घरात आणि तिच्या तोंडी मी टिकू. "टिकू, बेबी बारा वर्षांची हाय व. रात्री खोकते. मी दुसरं काय करू? तू बोलली ना, तं थो फोन करन. एकच फोन. आन बेबीले कोठी नेतीन मले कधी समजनार नाई. तुह्या पाया पडते."

आणि ती खरंच खाली वाकली. माझा हात धरून ओढा ओलांडणारी रंजूताई. मी मागे सरकले. मला तिची भीती वाटत होती, तिच्यासाठीही वाटत होती.

आम्ही बाहेर आलो. मामा उभेच होते. त्यांनी आधी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग माझ्या. "सब ठीक?"

"हाव," रंजूताई म्हणाली.

मी बाकावर जाऊन बसले. पुस्तकला आणि ममिता समुद्राबद्दल बोलत होत्या. समुद्राचं पाणी खरंच खारट असतं का, त्यात डाळ शिजते का. मी गुडघे पोटाशी घट्ट धरून बसले. ओढणी पायांवर पसरून मी ते झाकले.

तेवढ्यात समोरून रेल्वे पोलिसातली एक बाई आली. सावळी, जाडसर, काखेत काठी. छातीवरच्या पाटीवर 'गावतुरे' लिहिलं होतं. ती आमच्याजवळ थांबली.

"कुठे निघाल्या ग पोरींनो?"

मामा तोवर दोन खांब पलीकडे जाऊन वर्तमानपत्र वाचायला लागले होते. कधी गेले ते मला दिसलंही नाही.

"लग्नाले," पुस्तकला धडाधडा बोलली. "मावशीच्या पोरीच्या. वारंगलले."

"सोबत कोण मोठं आहे?"

"मी हाय," रंजूताई म्हणाली.

गावतुरे मॅडमनी आमच्या चौघींवरून नजर फिरवली. ती माझ्यावर थांबली. "तू का अशी बसलीस? बरं नाही का?"

आता बोल, मी स्वतःला म्हटलं. तोंड उघड. पण वर्तमानपत्राच्या वरच्या कडेतून दोन डोळे माझ्याकडे बघत होते आणि मामांच्या दुसऱ्या हातात मोबाईल होता. अंगठा त्याच्या बटणावर. मला बेबी दिसली. बर्फात हात घातलेली बेबी.

"पोट दुखते," मी म्हणाले.

"पाणी पी," मॅडम म्हणाल्या. क्षणभर घुटमळल्या आणि पुढे गेल्या.

मामा परत आले. वर्तमानपत्राची घडी करून त्यांनी माझ्या डोक्यावर हलकेच थोपटलं. "शाबाश बेटी."

मी आजवर खूप गोष्टींना भ्यायले असेन. पण त्या थोपटण्याइतकी कशालाच नाही.

गाडीची घोषणा झाली. फलाटावर एकदम पळापळ सुरू झाली, हमाल धावायला लागले. मामांनी ममिताची पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि तिचा हात धरला. ममिताने मागे वळून माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे चमकत होते.

"मामा लय चांगले हाय व," ती म्हणाली.

तेव्हा एक विचार माझ्या डोक्यात आला, आणि तो आल्यावर बाकीचं सगळं गळून पडलं. वर्षभराने हे ममितालाही पाठवतील. अंगावर नवा ड्रेस, पायात टाचेच्या चपला. डोंगरटोलीत येऊन ती कोणाच्यातरी आईला सांगेल, तिकडं मजा हाय. ममिता नाही तर पुस्तकला. नाही तर मी. आणि रंजूताईसंगं पाठवलं म्हणून आई जशी निर्धास्त झाली, तशी कोणीतरी माझ्यासंगं पाठवून निर्धास्त होईल.

गाडी आत आली. रंजूताईने माझा दंड धरला. "ऊठ."

मी उठले नाही. बाकाच्या शेजारी लोखंडी खांब होता. मी त्याला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि ओरडले. काय ओरडले ते मला नीट आठवत नाही. ममिता सांगते, मी फक्त "आई" ओरडत होते. पुस्तकला म्हणते, "जाऊ नका, जाऊ नका."

"क्या हुआ? अरे, क्या हुआ?" मामा धावत आले. भोवती लोक जमले. "कुछ नहीं भाई साहब, भांजी है मेरी. दिमाग थोड़ा कमज़ोर है. घर छोड़ के जा रही है ना, इसलिए."

"बिचारी," कोणी बाई म्हणाली.

मामांनी माझी बोटं खांबावरून सोडवायला सुरुवात केली. हळूहळू, एकेक. चेहऱ्यावर हसू होतं आणि माझी करंगळी ते उलटी मुडपत होते. लोक बघत होते आणि कोणाला काही दिसत नव्हतं.

"सरका, सरका." गर्दीतून गावतुरे मॅडम आल्या. त्यांनी काठी मामांच्या हातावर आडवी ठेवली. मारली नाही, नुसती ठेवली. "भाची आहे तुमची?"

"जी मॅडम. सगी भांजी."

मॅडम माझ्याकडे वळल्या नाहीत. त्या ममिताकडे वळल्या. तिचा हात त्यांनी आपल्या हातात घेतला आणि विचारलं, "बाळा, मामाचं नाव काय?"

ममिताने तोंड उघडलं. मिटलं. पुस्तकलाकडे बघितलं.

"मामा," ती म्हणाली.

"नाव."

ममिताला रडू फुटलं.

"और इसका नाम क्या है?" मॅडमनी काठीने माझ्याकडे खूण करत मामांना विचारलं. "सगी भाची ना तुमची? नाव सांगा."

मामांनी ओठांवरून जीभ फिरवली. मग हसू मावळलं. "देखिए, मैं तो इनको जानता भी नहीं. लड़की रो रही थी, मदद करने आया था." बोलता बोलता ते एक पाऊल मागे सरकले, मग आणखी एक. खांद्यावरची ममिताची पिशवी त्यांनी सोडून दिली. गाडी सुटायची शिट्टी झाली. हात खिशात गेला आणि मोबाईल बाहेर आला.

मॅडम ममिताला धरून होत्या. लोक माझ्याकडे बघत होते. मामा वळले आणि सुरू झालेल्या गाडीच्या दिशेने झपझप निघाले.

त्यांच्यावर झेप घेतली ती रंजूताईने.

तिने मागून त्यांच्या कमरेला मिठी घातली आणि मोबाईलच्या हाताला चावा घेतला. मोबाईल फलाटावर पडला. "याले जाऊ नका देऊ!" ती किंचाळली. "याले ठाव हाय माही बहीन कोठी हाय! याले धरा!"

त्यांनी कोपर मागे मारलं. तिचा ओठ फुटला. पुन्हा मारलं. ती खाली घसरली, पण हात सुटले नाहीत. फरपटत ती चार-पाच पावलं त्यांच्या मागे गेली. टाचेची एक चप्पल मागे राहिली. मग एका हमालाने मामांची मानगूट धरली आणि चहावाल्याने पाय. गाडी निघून गेली.

फलाटावर पडून रंजूताई एकच वाक्य म्हणत होती. "फोन नका करू देऊ. याले फोन नका करू देऊ."

त्या संध्याकाळी आम्हाला चंद्रपूरच्या मुलींच्या बालगृहात नेलं. दुसऱ्या दिवशी आमच्या आया आल्या. पुस्तकलाची आई थेट रंजूताईच्या अंगावर धावली. रंजूताईने हात वर केले नाहीत, तोंड झाकलं नाही. माझ्या आईने मधे पडून त्यांना वेगळं केलं. जाताना ती शिदोरीतल्या चार वडे-पुऱ्या रंजूताईच्या पुढ्यात ठेवून गेली.

रंजूताईला आरोपी करावं की साक्षीदार, यावर तिथल्या मोठ्या माणसांत बरीच चर्चा झाली. तिलाही अठरा वर्षं पूर्ण झाली नव्हती हे तेव्हा कळलं. आम्हाला ती केवढी मोठी वाटायची. तिला बालगृहातच ठेवलं आणि आम्ही गावी परतलो.

खरी भीती त्यानंतरची. पोलिसांचं पथक समुद्राकाठच्या त्या शेडवर पोचलं तेव्हा शेड रिकामी होती. बर्फ वितळून जमिनीवर पाणी साचलं होतं, म्हणे. मुलींना कोणीतरी आधीच हलवलं होतं. हे गावात कळलं त्या दिवसापासून मला झोप लागेना. मी ओरडले म्हणून बेबीला नेलं. मी ओरडले म्हणून. जेवताना, पाणी भरताना हेच. पोलीस पाटलाच्या घरचा फोन वाजला की मी घरात जाऊन दार लावून घ्यायची. पुस्तकलाची आई मला म्हणायची, तुह्यानं माही पोरगी वाचली व. मला ते ऐकवत नसे.

मेअखेर तेंदूपत्त्याचा हंगाम संपत आला तेव्हा आम्हा तिघींना जबाबासाठी पुन्हा चंद्रपूरला बोलावलं. गावतुरे मॅडम फाटकातच भेटल्या. "सापडल्या," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या गावातल्या शेडमध्ये. सगळ्या. आज आणताहेत."

दुपारी बालगृहाच्या अंगणात जीप आली. मागचं दार उघडलं आणि एकेक मुलगी उतरली. उन्हाने डोळे मिचकावत होत्या, एकमेकींचे हात धरून होत्या. मी प्रत्येक चेहऱ्यात बेबीला शोधत होते. सगळ्या उतरल्या. बेबी नव्हती.

"एक आत आहे," चालक म्हणाला. "उतरतच नाही."

बालगृहाच्या ताईंनी आत डोकावून गोड आवाजात म्हटलं, "चल बाळा, ये. आपण घरी जाऊ हं."

ताईंनी बिस्किटं दाखवली. मॅडमनी समजावलं. एका शिपायाने हात पुढे केला तसा आतून एवढा भयंकर आवाज आला की तो दचकून मागे झाला.

मग रंजूताईला बोलावलं. ती अनवाणी धावत आली, पण जीपजवळ आल्यावर थांबली. आत चढली नाही. पायरीवर बसली आणि आत बघत राहिली. मी तिच्या मागे उभी होते. सीटखालच्या अंधारात मला दोन गुडघे आणि त्यांवर ठेवलेले दोन पांढुरके हात दिसले.

"बेबी," रंजूताई म्हणाली.

मग आतून खोकल्याचा आवाज आला, आणि त्यापाठोपाठ एक घोगरा, बारीक प्रश्न.

"आनल्या का तुनं तीन?"

रंजूताईने मान खाली घातली.

"मले सोडलं. म्हणजे तुनं आनल्या." बेबीचा आवाज चढला. "कोन हाय थ्या? मी नाई येत. त्याहिले सोड म्हना. मले वापस ने."

गावतुरे मॅडमनी तोंडावर हात ठेवला.

मी पुस्तकलाचा हात धरला आणि ममिताचा. आम्ही तिघी जीपच्या दाराशी जाऊन उभ्या राहिलो, अगदी समोर, उजेडात.

"बेबी, मी टिकू," मी म्हणाले. "आमी हाय थ्या. मी, पुस्तकला आन ममिता. आमाले नाई नेलं कोनी. पाह्य आमच्याकडं."

सीटखालून तिने मान बाहेर काढली. केस कापलेले, गाल आत गेलेले. तिने माझ्याकडे बघितलं, पुस्तकलाकडे बघितलं, मग ममिताकडे. पुन्हा पहिल्यापासून एकेकीकडे बघितलं.

आणि मग तिने पाय खाली टाकला.